रक्तवाहिन्या मोकळ्या, तरी हार्ट ब्लॉक: ठोक्याची वाट तुटते कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ७१ वर्षांच्या. गेल्या महिन्यात दोनदा उभ्या उभ्या कोसळल्या आणि काही सेकंदांत शुद्धीवर आल्या. ईसीजीत ‘कम्प्लीट हार्ट ब्लॉक’ निघाला, नाडी मिनिटाला ३४. अँजिओग्राफीत मात्र एकही रक्तवाहिनी अरुंद नाही. मग ब्लॉक आहे तरी कुठे, तो गोळ्यांनी का जात नाही, आणि पेसमेकर टाळता येईल का? जोडीला तुम्ही असंही लिहिलंय की रोज सायकल चालवणाऱ्या तुमच्या शेजाऱ्यांची नाडी ४८ असते, त्यांच्याही रिपोर्टात ‘ब्लॉक’ शब्द होता, आणि त्यांना डॉक्टरांनी काहीही न करता घरी पाठवलं.

शेजाऱ्यांचा मुद्दा तुम्ही ओघात लिहिलात, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. नाडी किती मंद आहे यापेक्षा ठोक्याची वाट नेमकी कुठे अडली आहे, यावर पेसमेकर लागतो की नाही हे ठरतं. म्हणून ती वाट आधी नीट समजून घेऊ.

अँजिओग्राफीत डाय सोडून हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या पाहतात. त्या बंद झाल्या की हार्ट अटॅक येतो. आईंच्या त्या वाहिन्या उत्तम आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे. त्यांचा बिघाड आहे तो स्नायूला ‘आता आकुंचन पाव’ असा विद्युत संदेश पोचवणाऱ्या संस्थेत. ही संस्था अँजिओग्राफीत दिसत नाही, सोनोग्राफीत किंवा टूडी इकोतही दिसत नाही. ती फक्त ईसीजीत कळते, तीही तिच्या कामावरून.

पुष्कळांना वाटतं की हृदयाचे ठोके मेंदू देतो. तसं नाही. ही संस्था मज्जातंतूंची नसून वेगळ्या घडणीच्या स्नायूपेशींची आहे, आणि ठोका हृदयातच जन्मतो. हृदय प्रत्यारोपणात दात्याच्या हृदयाचे सगळे मज्जातंतू कापले जातात, तरी ते नव्या छातीत धडधडू लागतं, तेही मिनिटाला साधारण ९० ते ११० च्या गतीनं. म्हणजे हृदयाची स्वतःची गती आपल्या नेहमीच्या नाडीपेक्षा जास्तच असते. आपण स्वस्थ बसलेलो असताना ती ६०-७० वर राहते, कारण व्हेगस नावाचा मज्जातंतू तिला सतत आवरून धरत असतो.

उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्याला जिथे वरची मोठी शीर येऊन मिळते, तिथे एक ते दोन सेंटिमीटर लांबीचा पेशींचा एक पट्टा आहे. त्याला एसए नोड म्हणतात. हृदयाची साधी स्नायूपेशी दोन ठोक्यांच्या मधे उणे ८५-९० मिलिव्होल्टवर शांत थांबते आणि शेजारून संदेश आला तरच जागी होते. एसए नोडमधली पेशी शांत थांबूच शकत नाही. ठोका संपून तिचा विद्युतदाब उणे ६० च्या आसपास उतरला, की त्या उतरण्यानंच तिच्या आवरणातल्या काही वाहिन्या उघडतात आणि सोडियम हळूहळू आत झिरपू लागतं. दाब चढत चढत उणे ४० च्या जवळ आला की कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात आणि पुढचा ठोका निघतो. हा चढ किती तीव्र, त्यावर नाडीची गती ठरते. भीती, ताप, जिना, भांडण यांमुळे अॅड्रेनलिन वाढतं आणि चढ तीव्र होतो. व्हेगस तो सपाट करतो. सोडियमचा हा प्रवाह १९७० च्या दशकाच्या अखेरीस ओळखला गेला आणि त्याला ‘फनी करंट’ हे नाव पडलं. हृदय कमजोर झालेल्या रुग्णांना आम्ही आयव्हाब्रॅडीन ही गोळी देतो, ती नेमका हाच प्रवाह अडवून नाडी कमी करते.

या दोन लगामांचा जोर किती असतो, हे कोकणात विंचूदंशाचा रुग्ण पाहिलेल्या डॉक्टरला वेगळं सांगावं लागत नाही. हे दोन्ही लगाम ज्या मज्जासंस्थेच्या हाती असतात, ती स्वायत्त मज्जासंस्था लाल विंचवाचं विष बेफाम करतं. आधी उलट्या आणि दरदरून घाम, मग हातपाय गार, नाडी धावती, रक्तदाब चढलेला, आणि पुढे फुप्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्रॅझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरून मृत्यूंचं प्रमाण खाली आणलं आणि १९८० च्या दशकात ते जगापुढे मांडलं. त्या रुग्णांचं हृदय मुळात निरोगी असतं, फक्त त्याच्यावरचं नियंत्रण पिसाळलेलं असतं.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण आईंचं पडणं आणि त्यांचं जगणं दोन्ही तिच्यावर अवलंबून आहे. ठोका काढण्याची क्षमता एकट्या एसए नोडकडे नसते. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधल्या एव्ही नोड या केंद्राच्या परिसरात ती असते, पण ४० ते ६० च्या गतीनं. खालच्या कप्प्यांतल्या तंतूंतही असते, पण २० ते ४० च्या गतीनं. लेझीम पथकात प्रत्येकाला स्वतःची चाल येत असते, पण हलगी वाजते आहे तोवर सगळे तिच्यावरच पावलं टाकतात. हलगी अचानक थांबली तर दुसरं कुणी ताल धरेपर्यंत क्षणभर सगळं पथक थबकतं. हृदयातही असंच होतं. वरून येणाऱ्या जलद ठोक्यांमुळे खालची केंद्रं दबलेली असतात. वरचा संदेश तुटला की ती लगेच जागी होत नाहीत, मधे काही सेकंद जातात. त्या सेकंदांत मेंदूला रक्त मिळत नाही आणि माणूस कोसळतो. मग खालचं केंद्र सुरू होतं, चेहऱ्यावर लाली परतते आणि माणूस ‘मला काय झालं?’ विचारत उठून बसतो. डब्लिनच्या रॉबर्ट अॅडम्स यांनी १८२७ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये असे रुग्ण नोंदवले, म्हणून या झटक्यांना स्टोक्स-अॅडम्स अटॅक म्हणतात. कधी त्यात हातपायही झटकतात. मग रुग्ण वर्षभर फिटच्या गोळ्या खातो, किंवा मानेचा पट्टा बांधून चक्कर थांबायची वाट पाहतो, आणि नाडी एक मिनिटभर मोजायचं कुणालाच सुचत नाही. याचं मला दर वेळी वाईट वाटतं. त्या तपासाला घड्याळाशिवाय काहीही लागत नाही.

पुन्हा वाटेकडे येऊ. एसए नोडमधून निघालेला संदेश वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो आणि ते आकुंचन पावतात. खालच्या कप्प्यांत मात्र तो सरळ उतरू शकत नाही. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधे, झडपा जिच्यावर बसवलेल्या असतात ती, चिवट तंतुमय ऊतीची चौकट आहे आणि तिच्यातून विद्युतप्रवाह जात नाही. निरोगी हृदयात ती ओलांडायला एकच जागा असते. तिच्या तोंडाशी एव्ही नोड बसलेला आहे.

एव्ही नोडचं काम उशीर करणं हे आहे. त्याच्यातून संदेश सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर सरकतो. सुमारे एक दशांश सेकंद तो तिथे रेंगाळतो आणि तेवढ्यात वरच्या कप्प्यांतलं उरलेलं रक्त खाली उतरून खालचे कप्पे पूर्ण भरतात. त्याचं दुसरं काम मला याहून मोलाचं वाटतं. वय झाल्यावर किंवा झडप खराब झाल्यावर वरच्या कप्प्यांत एट्रियल फिब्रिलेशन सुरू होतं, तेव्हा तिथे मिनिटाला ३५० ते ६०० असे विस्कळीत संदेश उसळतात. ते सगळे खाली गेले तर माणूस काही मिनिटांत दगावेल. एव्ही नोड त्यांतले बहुतेक गाळून टाकतो आणि शंभर-दीडशे खाली सोडतो. काही माणसांत जन्मतः या चौकटीतून आरपार जाणारा स्नायूचा एक जादा धागा राहून जातो. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी १९३० मध्ये अशा रुग्णांचं वर्णन केलं. त्या धाग्यात उशीरही नाही आणि गाळणंही नाही. म्हणून तिथे कॅथेटरनं, म्हणजे शिरेतून नेलेल्या बारीक नळीनं, तो धागा जाळून टाकणं हाच पक्का इलाज. असो, तो वेगळा विषय आहे.

एव्ही नोडच्या खाली हिसचा बंडल. तो चौकटीच्या मध्यभागातून, महाधमनीच्या झडपेला अगदी चिकटून, खाली उतरतो आणि त्याच्या दोन शाखा होतात. उजवी शाखा बारीक दोरीसारखी सरळ जाते, डावी पंख्यासारखी पसरते. त्यांच्या टोकांपासून पर्किंजी तंतूंचं जाळं खालच्या कप्प्यांच्या आतल्या बाजूला पसरलेलं असतं. इथे संदेश सेकंदाला दोन ते चार मीटर धावतो, म्हणजे एव्ही नोडच्या चाळीसपट किंवा त्याहून अधिक. त्यामुळे खालच्या कप्प्यांचा स्नायू जवळजवळ एकाच वेळी आकुंचन पावतो आणि रक्त जोरात बाहेर फेकलं जातं.

हे सगळं शोधलं गेलं ते मात्र खालून वर. पर्किंजी यांनी १८३९ मध्ये मेंढीच्या हृदयात ते तंतू पाहिले, पण त्यांचं काम काय हे त्यांना कळलं नव्हतं. विल्हेल्म हिस यांना १८९३ मध्ये बंडल सापडला. जपानहून जर्मनीतल्या मारबुर्गला शिकायला आलेल्या सुनाओ तवारा या तरुण डॉक्टरनं हृदयाचे असंख्य पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि १९०६ मध्ये एव्ही नोडपासून पर्किंजी तंतूंपर्यंतची सगळी वाट जोडून दाखवली. पुढच्याच वर्षी आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांना इंग्लंडमध्ये एसए नोड सापडला. तवारांचं नाव आज विद्यार्थ्यांनाही फारसं ठाऊक नसतं, पण माझ्या मते या विषयातलं सगळ्यांत मोठं काम त्यांचंच आहे.

ईसीजीत ही वाट अशी दिसते. वरचे कप्पे जागे झाले की छोटी पी लाट. मग सपाट रेषा, त्यात एव्ही नोडचा उशीर. मग उंच, टोकदार क्यूआरएस, म्हणजे खालचे कप्पे. पी सुरू झाल्यापासून क्यूआरएस सुरू होईपर्यंत १२० ते २०० मिलिसेकंद लागतात. क्यूआरएसची रुंदी १२० च्या आत असावी. संदेश नेहमीच्या जलद वाटेनं आला तर क्यूआरएस अरुंद राहतो. वाट सोडून स्नायूतून सरपटत आला तर तो रुंद होतो.

आता तुमचे शेजारी. रोजच्या सायकलिंगमुळे त्यांच्या व्हेगसचा जोर वाढलेला असणार. असा व्हेगस एसए नोडची गती कमी करतो आणि एव्ही नोडलाही जास्त रेंगाळायला लावतो. झोपेत तर हा उशीर प्रत्येक ठोक्याला वाढत वाढत जाऊन एखादा ठोका पोचतच नाही, आणि मग चक्र नव्यानं सुरू होतं. यालाच वेंकेबाख म्हणतात आणि रिपोर्टात तो ‘सेकंड डिग्री ब्लॉक’ असा छापून येतो. अडथळा एव्ही नोडमध्ये आहे, क्यूआरएस अरुंद आहे, चालल्यावर नाडी वाढते आणि अडथळा नाहीसा होतो. माणसाला कधी चक्कर आलेली नाही. अशा माणसाला पेसमेकर घालणं चूक ठरेल.

आईंच्या बाबतीत, तुम्ही पाठवलेल्या वर्णनानुसार, पी लाटा मिनिटाला ८० च्या आसपास नियमित येताहेत आणि क्यूआरएस ३४ नं, तेही नियमित, पण दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. क्यूआरएस रुंद आहेत. याचा अर्थ एसए नोड व्यवस्थित आहे, वरचे कप्पे व्यवस्थित आहेत, आणि वाट एव्ही नोडच्या खाली, हिसच्या बंडलमध्ये किंवा दोन्ही शाखांमध्ये तुटली आहे. आत्ता आईंना जगवतंय ते खालच्या कप्प्यांतलं शेवटचं केंद्र. ते भरवशाचं नाही. आज ३४ नं चालतं, उद्या पाच-दहा सेकंद थांबतं. त्या दोनदा पडल्या, तेव्हा बहुधा हेच घडलं.

गोळ्यांनी का होत नाही, याचं उत्तर यातच आलं. नाडी वाढवणारं अॅट्रोपिन हे व्हेगसचा जोर काढून घेतं. एव्ही नोडवर व्हेगसची हुकमत असते, म्हणून तिथला ब्लॉक त्यानं सुटू शकतो. बंडल आणि शाखांवर व्हेगसचा फारसा ताबाच नसतो. तिथे अर्धवट ब्लॉक असताना अॅट्रोपिन दिलं तर वरून जास्त संदेश येऊ लागतात, थकलेल्या बंडलला ते झेपत नाहीत आणि नाडी उलट आणखी घसरते. नाडी वाढवणाऱ्या आयसोप्रिनलिनचं ड्रिप काही तास निभावून नेतं. तोंडानं घ्यायचं भरवशाचं औषध नाही, कारण तिथे पेशींच्या जागी वयोमानानं तंतुमय व्रण तयार झालेला असतो. महाधमनीच्या झडपेजवळ साचलेलं कॅल्शियमही शेजारून जाणाऱ्या बंडलमध्ये शिरतं.

तरीही पेसमेकर बसवण्याआधी काही गोष्टी तपासायलाच हव्यात, आणि त्या झाल्या का हे तुम्ही डॉक्टरांना जरूर विचारा. आई मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल किंवा डिगॉक्सिन यांपैकी नाडी मंद करणारं काही घेतात का? रक्तातलं पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती? उन्हाळ्यात जुलाब लागून शरीरातलं पाणी कमी होतं, मूत्रपिंडं मंदावतात, पोटॅशियम चढतं, आणि रक्तदाबासाठी वर्षानुवर्षं सुरळीत चाललेली अॅटेनोलॉलसारखी बीटा ब्लॉकरची गोळी शरीरात साचते. असा रुग्ण ३० च्या नाडीनं येतो आणि सलाईन, कॅल्शियम आणि पोटॅशियम उतरवण्याच्या इलाजानं दोन दिवसांत बरा होऊन चालत घरी जातो. थायरॉइडची तपासणीही हवी. हृदयाच्या खालच्या बाजूच्या अटॅकमध्ये होणारा ब्लॉकही बहुधा काही दिवसांत सुटतो, पण आईंची अँजिओग्राफी पाहता ती शक्यता उरत नाही. पिवळ्या कण्हेरीच्या, म्हणजे बिट्टीच्या बिया पोटात गेल्या तरी असाच ब्लॉक होतो. खेड्यांतल्या रुग्णालयांत हे आम्ही विचारतोच.

आणखी एक, रक्तदाबाचं. ३४ च्या नाडीत प्रत्येक ठोक्याला खूप जास्त रक्त फेकलं जातं, म्हणून वरचा आकडा १८०-१९० दिसतो आणि खालचा ६०. तो पाहून कुणी बीपीची गोळी वाढवली, आणि ती नेमकी बीटा ब्लॉकर निघाली, तर अनर्थ होऊ शकतो. पेसमेकर बसल्यावर हा आकडा बऱ्याचदा आपोआप उतरतो.

तेव्हा, औषधांचं आणि पोटॅशियमचं कारण निघालं नाही, तर आईंना पेसमेकर लागेल, आणि तो टाळू नका. पेसमेकर नव्हते त्या काळात चक्कर येणाऱ्या अशा रुग्णांपैकी जवळपास निम्मे वर्षभरात दगावत. तो बसेपर्यंत आईंना घरी आणू नका. आणाव्याच लागल्या तर बाथरूमची कडी आतून लावू देऊ नका आणि एकटं चालू देऊ नका.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ८ ऑक्टोबर १९५८ ला आर्ने लार्सन यांना घातला गेला. ते उपकरण काही तासच चाललं. पण लार्सन पुढे एकामागून एक पेसमेकर बदलत २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आज हे काम जागा बधिर करून साधारण तासाभरात होतं. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली छोटा छेद, शिरेतून एक लीड, म्हणजे तार, वरच्या कप्प्यात आणि एक खालच्या. वरची लीड एसए नोडचा ठोका ओळखते, यंत्र एव्ही नोडइतकाच उशीर करतं, आणि खालची लीड ठोका देते. म्हणजे आईंची गती ठरवणार त्यांचा स्वतःचाच एसए नोड. जिना चढल्या की नाडी वाढेल, झोपल्या की उतरेल.

एक गोष्ट डॉक्टरांशी आवर्जून बोला. खालची लीड नुसत्या स्नायूत रोवली तर संदेश हळू पसरतो, क्यूआरएस रुंद राहतो, आणि चोवीस तास त्या लीडवर अवलंबून असलेल्या काही रुग्णांत पुढच्या वर्षांत हृदयाची ताकद कमी होते. यावर उपाय म्हणजे लीड थेट वहनसंस्थेतच, म्हणजे संदेश नेणाऱ्या वाटेतच, बसवणं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातले डॉ. प्रमोद देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली हिसच्या बंडलवर कायमची लीड बसवल्याचं प्रसिद्ध केलं. २०१७ मध्ये चीनमधल्या वेंझौच्या हुआंग वेइजियान यांनी डाव्या शाखेपर्यंत लीड नेण्याची पद्धत दाखवली. ही पद्धत आता महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांतही होते. आईंचा ब्लॉक पूर्ण असल्यामुळे त्यांना हिचा फायदा होण्यासारखा आहे. ती शक्य नसेल म्हणून नेहमीचा पेसमेकर लांबवू मात्र नका. नंतर टूडी इको करून हृदयाच्या ताकदीवर लक्ष ठेवता येतं.

नंतरची पथ्यं फार नाहीत. चार ते सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर नेऊ नये, पण हात गळ्यात बांधूनही ठेवू नये, खांदा आखडतो. मोबाइल वरच्या खिशात नको, १५ सेंटिमीटर लांब आणि उजव्या कानाला. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह चालतात. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट अंतर राखा. वेल्डिंगपासून दूर. बॅटरी आठ ते बारा वर्षं जाते, वर्षातून एकदा-दोनदा तपासून घ्यायची. एमआरआय चालणारा पेसमेकर आहे का, हे आधीच विचारून कार्डावर लिहून घ्या.

पेसमेकरमुळे शेवटच्या घडीला जीव अडकून राहतो का, ही तुमच्या मावशींची भीती अनेक घरांत असते. तसं होत नाही. यंत्र फक्त संदेश देतं. प्राणवायू मिळेनासा झालेला स्नायू त्या संदेशाला उत्तरच देत नाही. दहनाआधी मात्र यंत्र काढून घ्यावं लागतं, कारण उष्णतेनं बॅटरी फुटते. तो छोटा छेद कोणताही डॉक्टर घेऊ शकतो.

भावंडांनी तपासणी करावी का, असं शेवटी विचारलंत. आईंच्या वयात हा आजार झिजेचा आहे, आनुवंशिक नाही, त्यामुळे सरसकट तपासण्यांची गरज नाही. घरात कुणाला पन्नाशीच्या आत असा ब्लॉक झालेला असेल, कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, किंवा भावंडांपैकी कुणाला कधी कारण नसताना शुद्ध हरपलेली असेल, तर मात्र एक ईसीजी आणि एक इको करून घ्या आणि रिपोर्ट मला दाखवा.